गोळीवरचा कडता

माझ्या बायकोने आणि धाकट्या भावाने मिळून मला सात महिने फसवलं. रोज संध्याकाळी, माझ्याच घरात, माझी पाठ वळली की फसवलं. त्याचा भुर्दंड इच्छापूरच्या एका मुलीने भरला. तिचं कॉलेजचं एक वर्ष गेलं. मी हे रागात लिहितोय असं घरात म्हणतील. रागातच लिहितोय. पण खोटं काही लिहीत नाही.

आधी भावाचं सांगतो. तो माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. वडील गेले तेव्हा मी केळीचे घड डोक्यावर घेऊन ट्रकमध्ये भरायचो आणि तो तिसरीत होता. पुढे मी घड उचलणं सोडलं आणि घडांचा भाव करायला शिकलो. मला कोणी शिकवलं नाही. जो समोर आला त्याच्याशी भांडत शिकलो. बऱ्हाणपूरच्या मंडीत माझा आवाज दोन ओळी पलीकडे ऐकू जातो, हे मी अभिमानाने सांगतो. बायको तेच वाक्य दुसऱ्या सुरात सांगते. भावाला मात्र मी मंडीत येऊ दिलं नाही. त्याला शिकवलं, नेपानगरला नोकरी लागली, रोज गाडीने जायचा-यायचा, डब्यात बसून वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचा. चार वर्षं छान गेली.

मग त्याला आवाज ऐकू यायला लागले. शेजारच्या खोलीतली माणसं भिंतीतून आपल्याबद्दल बोलतात, म्हणायचा. आमच्या बऱ्हाणपूरच्या शनवारा भागातल्या घराला शेजारची खोलीच नाही, एका बाजूला गल्ली आणि दुसऱ्या बाजूला रिकामा प्लॉट. मी त्याला हाताला धरून दोन्ही बाजू दाखवून आणलं. तो म्हणाला, "भाऊ, तू आलास म्हणून ते गप्प बसले. तुला सगळेच घाबरतात."

सगळे करतात ते आम्हीही केलं. कोणी म्हणालं नजर, कोणी म्हणालं बाहेरचं. इच्छादेवीच्या पायऱ्या चढलो, त्याला चढवलं. शेवटी बायको म्हणाली की देवीनेच आता डॉक्टरकडे जायला सांगितलंय असं समजा, आणि आम्ही जळगावच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर शांत माणूस. त्याने आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. मी म्हणालो, नाव फार मोठं आहे, औषध तरी लहान असू द्या. औषध खरंच लहान होतं. हरभऱ्याच्या डाळीएवढी एक गोळी, रोज संध्याकाळी.

गोळीने आवाज थांबले. पण दोन भानगडी उरल्या. पहिली म्हणजे माझा भाऊ गोळी जिभेखाली धरायचा आणि नंतर मोरीत टाकायचा. दोनदा मला नाल्याच्या तोंडाशी गोळ्या सापडल्या. तेव्हापासून मंडीतून आलो की हातपाय धुवायच्या आधी मी त्याच्यासमोर उभा राहायचो. गोळी घे, पाणी पी, तोंड उघड, जीभ वर कर. मी रोज शेकडो घड बघतो, त्यातला कुठला आतून काळा आहे हे मला वरून कळतं. एका जिभेखालचं मला कळणार नाही का?

दुसरी भानगड मोठी होती. आवाज गेले, पण त्यांच्याबरोबर तोही कुठेतरी निघून गेला. दिवसभर बसून असायचा. चहा पुढे ठेवला तर त्याच्यावर साय धरायची. रेडिओ लावला तर ऐकायचा, बंद केला तर न बोलणारा रेडिओ ऐकायचा. पूर्वी माझ्या प्रत्येक वाक्यात खोडी काढणारा माणूस आता माझ्या शिव्यासुद्धा काही न म्हणता घ्यायचा. मला त्याचाच जास्त राग यायचा. ज्याच्याशी भांडता येत नाही त्याच्याशी बोलायचं तरी काय?

हे मी डॉक्टरला सांगितलं. तो म्हणाला, गोळी आवाज बंद करते, पण बसलेल्या माणसाला उठवायला कमी पडते. मग म्हणाला की एक गोष्ट करून बघता येईल. ग्लायसिन नावाची पांढरी पावडर असते, अमिनो अॅसिड आहे. मी उठूनच उभा राहिलो. म्हटलं, भावाला अॅसिड पाजायला मी जळगावपर्यंत आलो नाही. डॉक्टरने हाताने खाली बसवलं. सांगितलं की हे आपल्या डाळीत, दुधात, हाडामांसात असतंच. चवीला गोड असतं. काही ठिकाणी गोळीबरोबर हे देऊन बघितलंय. काही पेशंटना थोडी हुशारी येते, काहींना काही फरक पडत नाही, मी खात्री देत नाही. आणि त्याने बोट वर करून एक वाक्य म्हटलं, जे मला आज झोपेतून उठवलं तरी पाठ आहे.

"ही गोळीच्या सोबत घ्यायची आहे, गोळीच्या जागी नाही."

मी मान डोलावली. मंडीतला माणूस कुठलंही बोलणं ऐकताना मान डोलावतो. त्याचा अर्थ इतकाच असतो की तुमचं झालं, आता माझं ऐका.

आता इथे मला कडता सांगावा लागेल, नाहीतर माझी चूक कोणाला कळायची नाही. केळीचा घड तोलतो तेव्हा त्याच्यात दांडाही तोलला जातो. दांडा कोणी खात नाही. म्हणून जे वजन येईल त्यातून काही किलो कापून धरायचे, त्याला आम्ही कडता म्हणतो. पण कडता फक्त वजनाला लागतो असं नाही. शेतकऱ्याला ठाऊक असतं की व्यापारी कापणार, म्हणून तो भाव चढवून सांगतो. व्यापाऱ्याला ठाऊक असतं की तो चढवून सांगतोय, म्हणून तो आणखी कापतो. दोघंही एकमेकांच्या तोंडावर हसतात आणि मधे कुठेतरी खरा आकडा सापडतो. बावीस वर्षं मी याच भाषेत जगलो. लग्नाची बोलणी अशीच केली. डॉक्टरने पूर्ण गोळी सांगितली तेव्हा माझ्या डोक्यात सरळ आलं की हा शिकलेला माणूस आहे, घरचे लोक थोडं कमीच देणार हे याला माहीत आहे, म्हणजे याने कडता धरूनच लिहिलंय. त्यातून आता वरून पावडर. एक वस्तू वाढली की दुसरी कमी व्हायलाच पाहिजे. तराजूची दोन्ही पारडी एकदम खाली जात नाहीत.

पावडर मिळवायलाच महिना गेला. तेव्हा परदेशी मालाला बाजार नुकता उघडला होता. शनवाऱ्यातसुद्धा परदेशी डबे काचेत दिसायला लागले होते. कोणावर पिळदार दंड, कोणावर वाघ. मेडिकलवाल्याने मला असाच एक वाघाचा डबा पुढे केला आणि म्हणाला, अमिनोच आहे शेठ. मी चिठ्ठी पुढे केली आणि म्हटलं, माझ्या भावाला कुस्ती खेळायची नाही, बोलायचं आहे. शेवटी त्याने इंदूरहून साधी, नुसतीच ग्लायसिन मागवली. ती मागवायला, तिचा भाव पाडायला, डबा फुटका निघाला तो बदलून घ्यायला, अशा तीन गोष्टींसाठी मी त्याच्या दुकानात तीनदा उभा राहिलो. तो मेडिकलवाला पुढे या फसवणुकीत सामील झाला. पण त्याच्याकडे नंतर येतो.

पावडर आली त्या संध्याकाळी मी अडकित्ता घेतला, सुपारी कातरायचा, आणि गोळीचे बरोबर दोन तुकडे केले. अर्धी भावाला, अर्धी उद्याला. सोबत पेल्यात पावडर. तो प्यायला. म्हणाला, "गोड आहे." कितीतरी महिन्यांनी त्याने एखाद्या वस्तूबद्दल मत दिलं. मी बायकोकडे बघितलं. ती माझ्या हातातल्या अडकित्त्याकडे बघत होती.

तिने विचारलं, डॉक्टरांनी अर्धी सांगितली का? मी म्हटलं, डॉक्टरने जे सांगितलं त्याचा अर्थ मला कळतो. तिने अडकित्ता उचलून जागेवर ठेवला. बावीस वर्षं लोकांचे चेहरे वाचतोय आणि तो एक चेहरा मला वाचता आला नाही, हे मी इथे लिहून ठेवतो.

पुढचं मला नंतर कळलं, पण सांगायचं क्रमाने सांगतो. दुसऱ्या दिवशी मी मंडीत गेल्यावर तिने चौकातल्या एसटीडी बूथवरून डॉक्टरला फोन लावला. डॉक्टर म्हणाला, गोळी पूर्णच द्यायची, अर्धी केली तर आजार उलटेल, तुमच्या मालकांना नीट सांगा. ती म्हणाली, सांगते. फोन ठेवला आणि मेडिकलमध्ये गेली. चिठ्ठी दाखवून वेगळं पाकीट घेतलं. मेडिकलवाल्याने एक शब्द विचारला नाही. महिन्याला पंधरा गोळ्या मी न्यायचो, पंधरा ती न्यायची. मी त्याच्याशी घासाघीस करायचो आणि तो गालात हसून म्हणायचा, शेठ, तुमच्यासमोर कोण टिकणार.

मग संध्याकाळचा कार्यक्रम असा चालायचा. मी यायचो, अर्धी गोळी द्यायचो, पावडर पाजायचो, जीभ तपासायचो, आणि मोरीत हातपाय धुवायला जायचो. मला तोंड धुवायला वेळ लागतो, मंडीची धूळ असते. तेवढ्यात बायको तिच्या पाकिटातली अर्धी गोळी दिराच्या हातावर ठेवायची. तिने तीही माझ्याच अडकित्त्याने कातरलेली असायची. पूर्वी हा माणूस गोळी घेतल्याचं सोंग करायचा. आता न घेतल्याचं सोंग करायला लागला. आणि मी बाहेर येऊन टॉवेलने तोंड पुसत म्हणायचो, बघ, अर्ध्या गोळीवर कसा ताजातवाना दिसतोय.

कारण खरंच दिसत होता. दीड-दोन महिन्यांत फरक पडला. एका सकाळी मी मंडीत निघालो तर पलंगावरून आवाज आला, "भाऊ, शर्टाची बटणं एक घर चुकलीत. भाव करताना लोक आधी तेच बघतील." मी दारातच उभा राहिलो. बटणं खरंच चुकली होती. नंतर तो गल्लीत जाऊन बसायला लागला, मग भाजी आणायला लागला. भाजीवाल्याने मागितलं तेवढं देऊन यायचा, मी चिडलो की म्हणायचा, तू सगळ्यांचं कापतोस, घरातल्या एकाने तरी पूर्ण दिलं पाहिजे. बायको तोंडाला पदर लावायची. मला वाटायचं ती आनंदाने डोळे पुसतेय.

मी काय करणार? मी मंडीत सांगत सुटलो. माल विकायच्या आधी मी माझी अक्कल विकली. ट्रक भरत असताना, चहाच्या टपरीवर, नमुन्याचे घड बघताना, मी सांगायचो की डॉक्टर लोक गोळ्या डबल लिहितात, मी अर्धी केली आणि बरोबर ही पावडर लावली, भाऊ माणसात आला. लोक मान डोलावायचे. त्यातला एक खरंच ऐकत होता.

तो इच्छापूरचा शेतकरी. दर हंगामात त्याची केळी माझ्याकडेच यायची. भला माणूस. मी त्याला आबा म्हणतो, तो मला शेठ. त्याची मुलगी बऱ्हाणपूरला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि तिलाही हाच आजार, हाच जळगावचा डॉक्टर. ती गोळीवर ठीक होती, पण वर्गात बसल्या बसल्या कुठेतरी हरवायची, वही कोरी यायची. परीक्षा तीन महिन्यांवर होती. आबाने मला बाजूला घेऊन विचारलं की शेठ, ती पावडर माझ्या पोरीला चालेल का? मी म्हटलं, चालेल म्हणजे काय, धावेल. पावडरचा पत्ता दिला, स्वतः सोबत जाऊन मेडिकलवाल्याकडून भाव पाडून दिला. आणि दुकानाच्या पायरीवर उभं राहून सांगितलं की गोळी मात्र अर्धी करा.

मेडिकलवाला काउंटरपलीकडे उभा होता. ऐकत होता. त्या क्षणी त्याला माहीत होतं की माझ्या घरात अर्धी चालत नाही. तो गप्प बसला. मी त्याला नंतर विचारलं तर म्हणाला, तुमच्या घरातली गोष्ट मी गिऱ्हाइकासमोर कशी काढू? गिऱ्हाइकाची इज्जत सांभाळतो म्हणे.

आबाच्या घरी अडकित्ता नव्हता. त्याने गोळी विळीवर कापली. आणि त्याच्या घरात दुसरी अर्धी गोळी देणारी वहिनी नव्हती.

सुमारे अडीच महिन्यांनी, रविवारी दुपारी, मी जेवून ओट्यावर बसलो होतो. आबा आला. नेहमी तो आधी पाणी मागतो, त्या दिवशी मागितलं नाही. म्हणाला की पोरगी चार दिवसांपासून जेवत नाहीये. आई ताटात काहीतरी कालवते म्हणते. मळ्यातल्या मोटरीच्या खोलीत जाऊन बसलीय, आतून कडी लावून. परीक्षा पंधरा दिवसांवर आली. काय करू?

माझ्याकडे उत्तर तयार होतं. मी म्हटलं, आबा, पावडर कमी पडतेय. डबल करा.

तेव्हा आतून भाऊ बाहेर आला. उंबऱ्यात उभा राहिला. आल्या-गेल्यासमोर तो आपणहून कधी बोलत नसे. त्या दिवशी माझ्याकडे न बघता थेट आबाशी बोलला.

"आबा, गोळी पूर्ण द्या. आजच. मी पूर्णच घेतो."

मी म्हटलं, "अर्धी घेतोस तू. मी माझ्या हाताने देतो."

"अर्धी तुझ्या हातची, भाऊ. अर्धी वहिनीच्या हातची."

बायको त्याच्या मागे येऊन उभी होती. तिने नाही म्हटलं नाही. आबा माझ्याकडे बघत होता. मी खूप माणसांना खूप वेळा तोंडावर खोटं पाडलंय, पण असं ओट्यावर बसून, हातात सुपारी धरून खोटं पडण्याचा अनुभव मला नव्हता. मी ओरडायला तोंड उघडलं. भाऊ म्हणाला, "ओरडणं आल्यावर. आधी गाडी काढ."

मी गाडी काढली. आम्ही तिघं पुढे, बायको मागे.  आबाच्या मळ्यात मोटरीच्या खोलीबाहेर त्याची बायको वाटी घेऊन बसली होती. मी दार ठोठावलं आणि आतून काहीतरी दारावर आपटलं. भावाने मला बाजूला केलं आणि दाराला पाठ लावून जमिनीवर बसला.  मग म्हणाला की मलाही माझ्या वहिनीच्या जेवणाचा संशय यायचा, पण ती वाईट करते म्हणून नाही, ती मीठ विसरते म्हणून. बायकोने माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे बघितलं, कारण मीठ ती खरंच विसरते.

आतून आवाज आला, "तुम्ही कोण?"

"मीही तेच घेतो, जे तू घेतेस. बाहेर माझा भाऊ उभा आहे. तो केळीला कडता लावतो, भाजीला लावतो, तुझ्या गोळीलाही त्याने लावला. चूक त्याची आहे, तुझी नाही, तुझ्या आईची नाही. डॉक्टरकडे चल. मी सोबत बसतो."

कडी निघायला तासभर गेला. त्या तासात माझ्याबद्दल त्याने तिला एवढ्या गोष्टी सांगितल्या की त्यातल्या निम्म्या मला माहीत नव्हत्या. दोनदा आतून हसल्यासारखा आवाज आला. मी मळ्यात चार हात लांब उभा होतो आणि सगळं ऐकत होतो. बोलायची बंदी होती. बायकोने डोळ्यांनी घातली होती.

जळगावला डॉक्टरने मुलीला दवाखान्यात ठेवून घेतलं. मग आम्हाला खोलीत बोलावून विचारलं, गोळी कोणी कमी केली? आबाने खाली बघितलं. भला माणूस, माझं नाव घेईना. मी म्हणालो, मी. डॉक्टरला काही कळेना, हिच्या गोळीचा आणि तुमचा काय संबंध? तेव्हा भावाने त्याला कडता म्हणजे काय ते समजावून सांगितलं, दांड्यापासून. फार नीट सांगितलं. डॉक्टर सगळं ऐकून मला म्हणाला, "मी कडता धरून लिहीत नाही. जेवढं लागतं तेवढंच लिहितो." एवढंच. ओरडला असता तर बरं झालं असतं, मला ओरडून उत्तर देता आलं असतं.

मुलगी सावरली. पाच आठवडे लागले. ती घरी आली तेव्हा परीक्षा संपून आठवडा झाला होता. मी कॉलेजात गेलो. परीक्षा परत घ्या म्हणालो, निम्मे पेपर तरी घ्या म्हणालो, मग म्हणालो एक तरी घ्या. नियम दाखवला. आयुष्यात हा एकच सौदा असा झाला की मी काही न मिळवता उठलो.

काही दिवसांनी ती मुलगी वडिलांबरोबर मंडीत आली. घडांच्या ओळींमधून सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "काका, माझं वर्ष गेलं. मैत्रिणी पुढच्या वर्गात गेल्या. बोला." आबा तिला गप्प करू लागला. मी म्हटलं, थांबा आबा, बरोबर विचारतेय. मी तिला सांगितलं की चूक माझी. ऐकीव गोष्टीवर नाही, मी माझ्या डोळ्यांनी बघितल्यावर तुझ्या वडिलांना सांगितलं, पण माझे डोळे फसले. पुढच्या वर्षी परीक्षेच्या प्रत्येक दिवशी मी इच्छापूरच्या बसपाशी स्कूटर घेऊन उभा राहायचो, तिला कॉलेजात सोडायचो, आणि पेपर सुटेपर्यंत फाटकाशी थांबायचो. हंगामाचे दिवस होते. मंडीत लोक विचारायचे शेठ कुठे, तर भाऊ सांगायचा, बी.ए. करतोय. ती पास झाली. मला पेढे आणून दिले, आणि वर म्हणाली, काका, डब्यात बारा आहेत, मोजून घ्या, मी काही कापलेलं नाही.

माझ्या बाजूचं उत्तर मी असं दिलं आहे. पूर्ण झालं असं ती मुलगी म्हणाली तर झालं.

पावडर भाऊ अजून घेतो. डॉक्टरला मी विचारलं की त्याला नक्की कशाने बरं वाटलं, पावडरने की पूर्ण गोळीने? तो म्हणाला, एका माणसावरून सांगता येत नाही. गोळी रोज नियमाने पोटात गेली हेही असेल, पावडरने थोडा हात दिला हेही असेल. भावाला विचारलं तर म्हणतो, गोड आहे म्हणून घेतो. मला मात्र एक तिसरं कारण दिसतं आणि ते मला फार लागतं. त्या सात महिन्यांत या माणसाला रोज संध्याकाळची वाट बघायला काहीतरी होतं. कोणाशी तरी नजर मिळवायची होती, वेळ साधायची होती, हसू दाबायचं होतं. ज्याला चहा प्यायची इच्छा होत नव्हती त्याला मला गंडवायची इच्छा झाली. त्याच्या चेहऱ्यावर जे पहिलं हसू आलं आणि जे मी मंडीभर मिरवलं, ते माझ्यावरचं होतं.

ते मी माफ करतो. हसा. घरात हसायला माणूस लागतो, मी मिळालो.

पण त्या दिवशी जळगावहून परतताना मी बायकोला विचारलं होतं की डॉक्टर सांगा म्हणाला, मग का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही ओरडला असता. ताट फेकलं असतं. आणि त्याची गोळी अर्धीच राहिली असती. मला गोळी पूर्ण हवी होती." भाऊ मागे बसून म्हणाला, वहिनी बरोबर बोलतेय. आणि दोघांनी विषय संपवला, जणू निकाल लागला.

मला तो निकाल मान्य नाही. मी ओरडतो, हे खरं. एकदा ताट फेकलं, तेही खरं, वरणाचा डाग भिंतीवर आहे. पण ओरडून झाल्यावर मी ऐकतोही. मंडीत शंभर माणसं आधी माझं ओरडणं ऐकतात, मग आपलं म्हणणं मांडतात, आणि मी अनेकदा त्यांच्या आकड्यावर येतो. परकी माणसं माझ्याशी एवढा धीर धरतात. तुम्ही दोघांनी एकदाही धरून बघितला नाही. मला एकदा, एक संध्याकाळ, ओरडू देऊन खरं सांगितलं असतं, तर मी आबाला त्या पायरीवर ते वाक्य बोललो नसतो आणि त्या मुलीने दाराला आतून कडी लावली नसती.

तुम्ही दोघंही हे वाचणार आहात, मला माहीत आहे. म्हणून तोंडावर विचारतो. या माणसाला खरं सांगता येत नाही, हे तुमच्यापैकी कोणी ठरवलं, कुठल्या दिवशी ठरवलं, आणि मला एकदाही न विचारता कसं ठरवलं? मी मुलीसमोर उभा राहिलो. आता तुम्ही माझ्यासमोर उभे राहा आणि उत्तर द्या.